काशीची पंचक्रोशी आणि चार फूट आठ इंच

सकाळी साडेपाचच्या सुमारास वाराणसीत लंकेवर येऊन उभे राहावे. नाव लंका असले, तरी ही वस्ती काशीतलीच. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या सिंहद्वारासमोरची. चहाच्या टपऱ्या उघडलेल्या असतात, कुल्हडांतून वाफा निघत असतात आणि रस्त्यावर सायकलींची वर्दळ सुरू झालेली असते. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवलेले गवळी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन निघालेली पोरे, वसतिगृहातून बाहेर पडलेले विद्यार्थी, साड्यांचे गाठोडे मागे बांधून मदनपुऱ्याकडे निघालेला एखादा विणकर.

या गर्दीत अजूनही अधूनमधून एक जुने दृश्य दिसते. दहा-अकरा वर्षांचा मुलगा बापाची काळी सायकल घेऊन निघालेला असतो. नळीवरून पाय जात नाही, म्हणून त्याने तो नळीखालून पलीकडच्या पायडलवर टाकलेला असतो. सायकल एकीकडे कललेली, पोरगा दुसरीकडे, आणि तरीही दोघे सुखरूप पुढे चाललेले. बनारसमध्ये याला 'कैंची' म्हणतात, आपल्याकडे 'हाफ पायडल'.

त्या मुलाचे कौतुक वाटते, कारण तो उद्या मोठा होणार आहे. पण त्याच्यामागून पन्नाशीचा एक गृहस्थ येतो. उंची पाच फुटांच्या आत. प्रत्येक वेळी थांबताना तो सीटवरून एका बाजूला उडी टाकून उतरतो आणि निघताना दोन पावले पळत जाऊन पुन्हा चढतो. त्याची उंची आता वाढणार नाही. सायकलीशी त्याने आयुष्यभराचा समझोता केलेला आहे आणि त्या समझोत्यात सगळी तडजोड त्याच्याच वाट्याला आली आहे.

बुटके कोण?

समजा, अशाच बेताच्या उंचीच्या एक मावशी पुण्याहून काशीला आल्या. नोकरीतून निवृत्त, प्रकृती खणखणीत, उंची चार फूट आठ इंच; म्हणजे १४२ सेंटिमीटर. भाचा विश्वविद्यालयात शिकतो. मावशींच्या मनात एकच इच्छा : काशीची पंचक्रोशी सायकलवरून करायची.

"मावशी, तू रिक्षाने ये. मी सायकलवर बरोबर येतो," भाचा म्हणतो.

"अरे, रिक्षातून बघायची असती तर तुला कशाला त्रास दिला असता? माझ्या पायांत जोर आहे. सायकल तेवढी बघ."

आणि इथेच घोडे अडते. जोर आहे, पण त्या जोराला बसेल अशी सायकल नाही.

मावशींना बुटके म्हणण्यापूर्वी एक आकडा ध्यानात घ्यायला हवा. भारतातील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट आहे. सरासरीचा अर्थच असा, की देशातल्या साधारण निम्म्या स्त्रिया पाच फुटांच्या आतच भरतात. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या हलक्या, वाकड्या हँडलच्या सायकली, ज्यांना आज 'रोड बाइक' म्हणतात आणि जुनी माणसे 'रेसर' म्हणत, त्यांचे सर्वांत लहान माप पुष्कळदा याच उंचीच्या आसपास सुरू होते. दुकानातले सर्वांत लहान माप जिथे सुरू होते, तिथे आपल्याकडची मधली उंची उभी आहे. तेव्हा ही अडचण मावशींची एकटीची नव्हे.

शिवाय लहान चण म्हणजे कमी ताकद, असेही नाही. २००८ साली फ्रान्सच्या जगप्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' शर्यतीचा तिसरा टप्पा जिंकणारा सॅम्युएल द्युमुलाँ १५९ सेंटिमीटर उंचीचा होता. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये घड्याळाविरुद्धच्या सायकल शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी ब्रिटनची एमा पूली त्याच्याहूनही थोडी ठेंगणीच होती. पायांतली ताकद उंचीवर ठरत नाही. ती ताकद रस्त्यावर उतरवणारे यंत्र मात्र मापाचे लागते.

काळ्या सायकलीचे माप

आपल्या देशात सायकल रुजली ती इंग्रजी घाटाची. स्वातंत्र्यानंतर आसनसोलच्या सेन-रॅले, मद्रासच्या टी.आय. सायकल्स (१९४९), सोनीपतच्या अॅटलास (१९५१) आणि लुधियानाच्या हीरो (१९५६) या कारखान्यांनी ती गावोगाव पोहोचवली. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, पण त्या घाटाच्या काळ्या सायकली बनारसच्या रस्त्यांवर अजून धावतात.

या सायकलीची चाके २८ इंची आणि फ्रेम बहुधा २२ किंवा २४ इंची. मोठे चाक खड्ड्यांतून सहज निघते, उंच फ्रेम ओझे पेलते. दूधवाल्याला ती सोयीची. पण तिची नळी जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या वर असते आणि मावशींच्या पायाची आतली लांबी आहे ६४ सेंटिमीटर. नळीवर पाय टाकून त्या उभ्याच राहू शकत नाहीत.

बिननळीच्या लेडीज सायकलीने हा प्रश्न अर्धा सोडवला. शेजारच्या बिहारमध्ये २००६ साली सरकारने शाळकरी मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली, आणि गणवेशातल्या मुलींचे सायकलवरचे घोळके तिथल्या रस्त्यांवर नित्याचे झाले. पण या सायकली शाळेपर्यंतच्या दोन-चार किलोमीटरांसाठी ठीक. ऐंशी किलोमीटर जायचे, तर वजन, गिअर आणि बसण्याची ढब यांचा विचार करावाच लागतो.

गल्लीची परीक्षा

भाचा कुठून तरी एक चकचकीत रोड बाइक आणतो. दुकानदाराच्या मते सर्वांत लहान मापाची. विश्वविद्यालयाचे आवार सायकल शिकायला आणि पारखायला फार छान. सुमारे तेराशे एकरांचा विस्तार, अर्धवर्तुळाकार रस्ते आणि दुतर्फा झाडांची सावली. मावशी तिथे दोन फेऱ्या मारतात आणि खूश होतात. मग दोघे अस्सीच्या दिशेने निघतात.

अस्सीच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. समोर गाय, बाजूला ई-रिक्षा, मागे मोटारसायकलचा भोंगा. मावशी वेग कमी करून हँडल वळवतात, आणि त्यांच्या चपलेचे टोक पुढच्या चाकाला घासते. सायकल जागच्या जागी अडते. भाचा वेळीच धरतो म्हणून पडणे टळते.

हा दोष मावशींच्या चालवण्याचा नाही. फ्रेम लहान केली, पण चाके मोठीच ठेवली, की पुढचे चाक पायडलच्या फार जवळ येते. मोकळ्या रस्त्यावर हे जाणवत नाही, कारण वेगात हँडल फारसे वळवावे लागत नाही. पण अगदी सावकाश, जागच्या जागी वळताना पाऊल चाकाला लागते. बनारसमध्ये तर बहुतेक वळणे अशीच घ्यावी लागतात! म्हणून सायकल पारखावी ती गल्लीत. हँडल पूर्ण वळवून, पायडल आडवे धरून, पाऊल चाकाला लागते का हे उभ्या उभ्याच पाहता येते. दुकानातली ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा पुढचे पडणे वाचवते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. पुष्कळांना वाटते, सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की सायकल मापाची. हा समज गुडघ्यांच्या मुळावर येतो. सीट इतकी खाली घेतली, की पायडल मारताना गुडघे सतत दुमडलेले राहतात आणि दहा किलोमीटरांतच दुखू लागतात. खरी रीत अशी : सीट योग्य उंचीवर ठेवावी आणि थांबताना सीटवरून पुढे सरकून, नळीच्या दोन बाजूंना पाय देऊन उभे राहावे. तसे उभे राहिल्यावर नळी आणि शरीर यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर उरले पाहिजे. ज्या शहरात पावलोपावली थांबावे लागते, तिथे हे अंतर सुरक्षिततेचे आहे.

भिंत, पुस्तक आणि पेन्सिल

माप घ्यायला यंत्र लागत नाही. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहावे. पाय थोडे फाकवून, मध्ये एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरून सीटवर बसल्यासारखे घट्ट वर दाबावे. पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येईल, तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि जमिनीपासून अंतर मोजावे. ही झाली पायाची आतली लांबी. उंचीपेक्षा हे माप अधिक खरे, कारण सारख्याच उंचीच्या दोघींचे पाय कमी-जास्त लांब असू शकतात.

या लांबीला ०.८८३ ने गुणले, की पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंदाजे अंतर मिळते. मावशींच्या बाबतीत ते साडेछप्पन सेंटिमीटर येते. गुणाकार नको असेल, तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला, तर सीट बरोबर. मग पावलाच्या पुढच्या भागाने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

पुढे हँडल. कोपर सीटच्या टोकाला टेकवून हात पुढे केला, की बोटे हँडलपर्यंत पोहोचावीत, हा सायकलवाल्यांचा जुना आडाखा. हँडल फार लांब असेल, तर मान आणि खांदे भरून येतात. ब्रेकची मूठही बोटांच्या आवाक्यात हवी. लहान हातांना ती ओढता येत नसेल, तर बाकीचे सगळे माप व्यर्थ.

आणि एक भाग, ज्याकडे कोणी पाहत नाही : क्रँक. पायडल ज्या दांड्यावर बसते तो. मोठ्यांच्या सायकलीला तो साधारण १७० मिलिमीटरचा असतो. उंच माणसाला तो शोभतो. मावशींना मात्र त्याने प्रत्येक फेरीत गुडघा छातीकडे आणावा लागतो. त्यांना १४० ते १५० मिलिमीटरचा क्रँक पुरे.

'बच्चों वाली'

हे सगळे मोजमाप घेऊन दोघे एका सायकलवाल्याकडे जातात. म्हातारा मिस्त्री मावशींकडे वरपासून खालपर्यंत पाहतो आणि म्हणतो, "माताजी, आप बच्चों वाली ले जाइए."

मावशींचा चेहरा उतरतो. आयुष्यभर ऐकलेले शब्द. साड्यांना निऱ्या जास्त येतात, बसची दांडी हाताला लागत नाही, ओट्यावरच्या फळीसाठी स्टूल लागते. आता सायकलही लहान मुलांची!

पण मिस्त्रीच्या बोलण्यात निम्मे सत्य आहे. लहान माणसाला लहान चाक हवे, ही गोष्ट अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या अभियंता बाईंनी चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिली. घराच्या तळघरात फ्रेमी बांधता बांधता त्यांनी १९८५ साली स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या लहान मापाच्या सायकलींचे मागचे चाक नेहमीचे आणि पुढचे २४ इंची असे. त्यामुळे पाऊल चाकाला लागत नसे, हँडल जवळ येई आणि सायकलीची ढबही बिघडत नसे. पाहणाऱ्याला ती विजोड दिसे, बसणारीला मात्र ती सोयीची होती. पुढे इतरही काही कारखान्यांनी आपल्या सर्वांत लहान मापांना लहान चाके दिली.

लहान चाकाने वेग जातो, ही भीतीही खरी नाही. रोड बाइकचे चाक एका फेरीत सुमारे २.१ मीटर जाते. २४ इंची चाक सुमारे १.८ मीटर. हा फरक पुढचे दातेरी चक्र थोडे मोठे घेऊन भरून काढता येतो. खड्डे मात्र लहान चाकाला जास्त जाणवतात. म्हणून टायर फार बारीक घेऊ नयेत.

तेव्हा 'बच्चों वाली' सायकलीचे चाक, क्रँक आणि ब्रेकची मूठ मावशींना बसते. बसत नाही ते बाकीचे. मुलाच्या वजनाला केलेली सीट मोठ्यांना टोचते, गुळगुळीत रस्त्याला नको असलेले जाड गोट्यांचे टायर दम काढतात, आणि ब्रेकचे रबर मोठ्या माणसाच्या वजनाला अपुरे पडते. मिस्त्री २४ इंची, गिअरची एक सायकल बाहेर काढतो. सीट बदलतो, सीटचा दांडा मजबूत आणि लांब घालतो, टायर कमी गोट्यांचे चढवतो, ब्रेकचे रबर चांगल्या प्रतीचे लावतो. शेवटी फडके घेऊन नळीवरचे कार्टूनचे चित्र खरवडून काढतो.

"अब बच्चों वाली नहीं रही," तो म्हणतो.

वाकडे हँडल नाही म्हणून शौकिनांनी तिला रोड बाइक म्हणायला नकार दिला, तरी चालेल. रस्ता तेवढे विचारत नाही. ज्यांना खर्च झेपतो, त्यांच्यासाठी मापाप्रमाणे फ्रेम बांधून देणारे कारागीरही आहेत. पण तिथेही आधी भिंत, पुस्तक आणि पेन्सिल हेच हाताशी घ्यावे लागते.

पंचवीस कोसांची वाट

पंचक्रोशीची यात्रा मणिकर्णिका घाटावरून सुरू होते. काशी उजव्या हाताला ठेवून तिची प्रदक्षिणा करायची आणि पुन्हा मणिकर्णिकेवर यायचे. एकूण पंचवीस कोस, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. वाटेवर १०८ देवस्थाने आणि पाच मुक्काम. पायी जाणारे पाच दिवस घेतात. अठराव्या शतकात बंगालमधील नाटोरच्या राणी भवानीने या मार्गावर मंदिरे आणि धर्मशाळा यांची कामे करवून घेतली. मराठी माणसाला काशीत अहल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारलेले विश्वनाथाचे मंदिर माहीत असते, भोसले घाट, शिंदे घाट माहीत असतात. पंचक्रोशीच्या वाटेवर मात्र तो क्वचितच जातो.

मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर आणि विश्वनाथाच्या गल्ल्यांत सायकलीचे काम नाही. तिथला नमस्कार पायीच करून यावा आणि पहाटे लंकेवरून सायकलीने निघावे. पहिला मुक्काम कंदवा. तिथले कर्दमेश्वराचे मंदिर साधारण बाराव्या शतकातले मानतात. काशीत इतके जुने मंदिर उभे सापडणे दुर्मीळ. शेजारच्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसून सीट एखादा सूत वर-खाली करायची असेल, तर ती इथेच करावी. पहिल्या काही किलोमीटरांत शरीर आपली तक्रार सांगून टाकते. गुडघ्याच्या पुढून दुखले, तर सीट बहुधा खाली आहे. मागून ताणले, तर वर.

दुसरा मुक्काम भीमचंडी. शहर मागे पडते, शेते सुरू होतात. हिवाळ्यात मोहरीची पिवळी शेते, गोवऱ्यांचे रचलेले उंचवटे, वीटभट्ट्यांच्या चिमण्या. भीमचंडी ते रामेश्वर हा सर्वांत लांबचा टप्पा, जुन्या हिशेबाने सात कोसांचा. मापाची सायकल आणि बिनमापाची सायकल यांतला खरा फरक या टप्प्यावर कळतो. बिनमापाच्या सायकलीवर बसलेला माणूस इथे शेते पाहत नाही. तो आपली मान, मनगटे आणि पाठ मोजत बसतो. मावशींना मात्र मोहरी दिसते.

वरुणा नदीच्या काठचे रामेश्वर हे दुपारी टेकायला चांगले ठिकाण. एका दिवसात सगळी प्रदक्षिणा करण्याचा अट्टहास नसेल, तर इथल्या धर्मशाळेत रात्र काढावी. दुसऱ्या दिवशी शिवपूर, जिथे पाच पांडवांचे देऊळ आहे. शिवपूर आता शहरात मिसळून गेले आहे, तेव्हा पुन्हा गर्दी, पुन्हा थांबणे. पुढे कपिलधारा, आणि वाकडी वाट केली तर सारनाथही जवळच. तिथून राजघाटाच्या बाजूने शहरात शिरावे, सायकल मुक्कामी ठेवावी आणि शेवटची पावले घाटाने चालत मणिकर्णिकेवर जावे.

जाण्यापूर्वी

मुंबईहून महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते. सायकल बरोबर न्यायची असेल, तर ती पार्सल म्हणून आधी नोंदवावी. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत पहाटे दाट धुके असते, अशा वेळी उन्हे वर आल्याशिवाय निघू नये. मे-जूनमध्ये 'लू' वाहते, तेव्हा हा बेत नकोच. महाशिवरात्रीला एका दिवसात पंचक्रोशी करणाऱ्यांची आणि अधिक महिन्यात यात्रेकरूंची वाटेवर मोठी गर्दी असते. ते दिवस सायकलीसाठी टाळावेत.

लहान चाकवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये : आपल्या मापाच्या दोन ट्यूब आणि एक टायर बरोबर हवा. वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडे २८ आणि २६ इंची माल सापडेल. २४ इंचीची खात्री नाही. पाना, हवेचा पंप आणि मागचा लाल दिवा हेही घ्यावे.

प्रदक्षिणा संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी सायकल घेऊन लंकेवर चहाला येतात. रस्त्याने तोच पन्नाशीचा गृहस्थ येतो, उडी टाकून उतरतो, सायकल भिंतीला टेकवतो. त्याची नजर मावशींच्या लहान चाकांवर जाते.

"बच्चों की है?" तो विचारतो.

"नहीं भैया, मेरी है," मावशी म्हणतात, आणि कुल्हड खाली ठेवून त्याला म्हणतात, "बैठ के देखिए."

तो जरा लाजतो. मग नळीवरून पाय टाकतो आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा राहतो. उडी न मारता.